चर्चच्या काहिलीतला चारा

वाल्बुर्गा चर्चच्या भट्टीच्या माळ्यावरून खाली उतरली ती खांद्यावर एक भरलेलं पोतं घेऊनच. वासराचं पोट फुगलं होतं म्हणून ती चिमूटभर आशीर्वादाचा पाला आणायला वर गेली होती. पोतं तिने नवऱ्याच्या पायाशी आदळलं.

"हे काय आहे?"

"हॉप्स," ओटमार म्हणाला. चष्मा नसला तरी बियर कडू करणारी ही वाळकी फुलं त्याला वासावरून कळली.

"सणाच्या बियरसाठी आणलेले?"

"मग? दुसरे कुठले?"

"ते इथं आहेत. मग काहिलीत काय ओतलंस?"

ओटमारच्या हातात त्या घटकेला मातीचा मग होता आणि दुसरा हात पिंपाच्या तोटीवर. रविवारी चर्चचा वाढदिवस, त्यासाठी गाळलेल्या बियरचा पहिला घोट तो भट्टी-संघाचा अध्यक्ष या नात्याने घेणार होता. त्याने वर बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि बायकोच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

आता हा ओटमार कोण, ते सांगायला हवं. बव्हेरियातल्या खालच्या लिंडाख गावात चर्चच्या मालकीची एक भट्टी आहे, कबरस्तानाच्या भिंतीला पाठ लावून. गाव मिळून तिथे बियर गाळतं आणि गाव मिळून पितं. ओटमारचा आजा तिथली काहील ढवळायचा, बाप ढवळायचा, आणि ओटमारनेही निमूटपणे ढवळली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गेल्या हिवाळ्यात तो शहरात बियर-कलेच्या शिबिराला गेला आणि दाढी राखून परत आला. तेव्हापासून तो बियर पीत नसे, तिच्याशी संवाद साधत असे. बाकीचे जे पीत ते त्याच्या मते गुरांसारखं पीत.

सप्टेंबरात काहील चढवली तेव्हा वाल्बुर्गा म्हणाली होती, "हॉप्स तोलून घाल रे."

"तोलून मापून स्वयंपाकीण घालते. कलाकार हाताने घालतो."

आणि त्या कलाकाराने भट्टीभर वाफ कोंडलेली असताना, चष्म्याने दाढीचा रुबाब जातो म्हणून चष्मा न लावता, पोतं उपडं केलं. गुरांच्या दवाखान्यासारखा वास सुटला. संघाचे सभासद एकमेकांकडे बघू लागले. "खोली आहे या वासात," ओटमार म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण न डोलावणाऱ्याला शिबिराची हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागे.

ते पोतं होतं बायकांच्या मंडळाचं. ऑगस्टात मारिया मातेच्या सणाला गावच्या बायका कडू दवणा, रानपुदिना, पिवळी फुलं, पोटदुखीवरची मुळं अशा जुड्या बांधून चर्चमध्ये नेतात. फादर त्यांवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. मग वर्षभर तो पाला घरात राहतो; वीज कडाडली की चुलीत चिमूटभर, गाय आजारी पडली की आंबोणात मूठभर. उरलेला पाला वाल्बुर्गाने वाळवून, चुरून, हॉप्सच्याच रिकाम्या पोत्यात भरून माळ्यावर ठेवला होता. ओटमार त्याला कायम बकऱ्यांचा चारा म्हणायचा.

"पिऊन तर बघ तुझा चारा," वाल्बुर्गा म्हणाली.

ओटमारने घोट घेतला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवट.

"खोली आहे?" वाल्बुर्गाने विचारलं.

एरवी ही गोष्ट गावातल्या गावात हसून संपली असती. पण रविवारी धर्मप्रांताच्या मालमत्ता खात्याचे डॉक्टर श्टाइनलाइन येणार होते. हे गृहस्थ जिथे जात तिथे काहीतरी बंद करून येत. भट्टीला टाळं लावून तिथे सायकलवाल्या पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या, असं त्यांनी कागदावर आखूनही ठेवलं होतं. फादर लोरेंझ यांनी हातापाया पडून एवढंच मिळवलं होतं, की साहेबांनी आधी बियर चाखावी आणि मग काय ते ठरवावं. त्या बियरच्या जागी पिंपांमध्ये आता काढा भरला होता. आज्याची काहील आपल्या हयातीत थंड पडणार, या विचाराने ओटमार तसाच फादरना बोलवायला धावला. माणूस पोकळ असला तरी त्या काहिलीवर त्याचा जीव होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

फादर लोरेंझ आले. त्यांनी चाखलं, डोळे पुसले.

"ओटमार, ही बियर नव्हे. जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यापलीकडे काही घातलं की आपल्या बव्हेरियात कायद्याने तिला बियर म्हणता येत नाही. आणि तू तर हॉप्सच घातले नाहीस."

"मग ओतून टाकतो, फादर. गटारात."

"गटारात?" फादर एवढ्या जोरात ओरडले की वाल्बुर्गाने छातीवर क्रूस केला. "आशीर्वाद दिलेली वस्तू आहे ती! मी स्वतः दिलाय. एक तर ती सेवन करायची, नाहीतर पवित्र मातीत जिरवायची."

"पिंपंच्या पिंपं?"

"आशीर्वाद लिटरवर मोजत नाहीत."

पवित्र माती भिंतीपलीकडेच होती. ओटमारने सभासदांना हाताशी धरून पहिलं पिंप कबरस्तानात लोटलं आणि कोपऱ्यातल्या गवतावर तोटी सोडली. उतार कुणी बघितला नव्हता. काढा वळणं घेत घेत थेट रोझविता म्हातारीच्या नवऱ्याच्या कबरीवर गेला, आणि म्हातारी तिथेच फुलांना पाणी घालत होती.

"मेल्यांनो!" तिने झारी उगारली. "जन्मभर त्याची दारू सोडवता सोडवता माझे केस पिकले. आता कुठे सुटली होती, तर तुम्ही खाली पोचवताय?"

"आजी, ही बियर नाही हो," ओटमार कळवळून म्हणाला, "काढा आहे."

"तो पण असंच म्हणायचा!"

झारी पत्र्याची होती. सभासदांनी पिंप तिथेच टाकून पळ काढला, आणि गावच्या कबरस्तानात आता कुणाच्याही पूर्वजाला काही पाजता येणार नाही, हे पक्कं झालं.

शेवटी तोडगा वाल्बुर्गाने काढला. "वरच्या गावात जा. आडामकडे."

त्यापेक्षा ओटमारला तो काढा परत प्यावासा वाटला. वरचं लिंडाख म्हणजे ल्यूथरपंथी, खालचं कॅथलिक. एकच ओढा, एकच भाषा, एकच डुकराचं मांस. पण शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी भांडलं आणि तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकांच्या बियरला धुण्याचं पाणी म्हणत. त्यांच्या भट्टीचा आडाम हा ओटमारचा शाळासोबती. शिबिराहून आल्यावर ओटमारने त्याच्याच बाकावर बसून त्याला सुनावलं होतं, की तुझ्या बियरला व्यक्तिमत्त्व नाही.

आडामने सगळं ऐकून घेतलं. मधे तो दोनदा पाणी प्यायला आत गेला. परत येताना त्याचे डोळे पाणावलेले असत.

"म्हणजे तुमचा आशीर्वाद तुम्हाला फेकता येत नाही."

"नाही."

"आमच्यात गवताला आशीर्वाद लागत नाही. गवत ते गवत. आम्ही देऊ ओतून."

"कुठे?"

"ओढ्यात. ओढा पुढे तुमच्याच गावातून जातो म्हणा, पण त्याला आमचा इलाज नाही."

"आडाम, थट्टा पुरे. पिंपाला पिंप बदलून देतोस का? रविवारपुरती तुझी बियर. कुणाला कळता कामा नये."

"देतो की. पण माझ्या बियरला व्यक्तिमत्त्व नाही, बघ."

ओटमारने खाली मान घातली. "आहे रे," तो दाढीत पुटपुटला.

"काय म्हणालास? ही दाढी मधे येते."

"आहे म्हटलं!"

गवताच्या गाडीत, गवताखाली, पिंपं वर गेली आणि पिंपं खाली आली.

रविवारी प्रार्थना झाली, बँड वाजला, बदक भाजलं गेलं. डॉक्टर श्टाइनलाइन ताठ बसले होते. ओटमारने त्यांच्यासमोर फेसाळता मग ठेवला. शेजारच्या बाकावर आडाम बसला होता. पाहुणा म्हणून बोलावणं त्याने अटीत घालून घेतलं होतं. साहेबांनी घोट घेतला. दुसरा घेतला. शेवटी मग रिकामा करून त्यांनी डोळे मिटले.

"फादर, याला म्हणतात कॅथलिक बियर. यात श्रद्धा उतरली आहे. वरच्या गावच्या त्या ल्यूथरवाल्यांना हे उभ्या जन्मात जमायचं नाही."

आडामला ठसका लागला. वाल्बुर्गाने त्याच्या पाठीत गरजेपेक्षा जास्त जोराने थापट्या मारल्या. फादर लोरेंझ यांनी खोटं बोलायला नको म्हणून तोंडात बटाट्याचा अख्खा गोळा कोंबला.

"भट्टी राहील," डॉक्टर श्टाइनलाइन म्हणाले. "पुढच्या वर्षी बिशपमहाराजांना घेऊन येतो. मात्र हीच बियर हवी. चवीत थोडासाही फरक मला कळतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संघाच्या सभासदांनी ओटमारला खांद्यावर घेतलं. हे तेच सभासद, जे झारीच्या धाकाने पळाले होते. ओटमारने दाढीवरून हात फिरवला आणि काढ्याची आठवण सोयीस्करपणे मागे टाकली. आडामकडून एकदा कृती काढून घेतली की काम झालं, असा त्याचा हिशोब.

नाताळ उलटला आणि आडाम स्वतःच त्याच्या दारात उभा राहिला. हातात रिकामी बाटली.

"ते गवताचं पाणी आणखी आहे का?"

"तू ओतून टाकणार होतास ना?"

"फुकट आलेली वस्तू ओतायची? आमच्यात ते पाप आहे. नाताळात बदकं हाणल्यावर एकाने भीत भीत ते प्यायलं, त्याचं पोट हलकं झालं, मग गाव लागलं मागे. आमचे पास्टर वीस वर्षं दुखरं पोट धरून प्रवचन करायचे. परवा प्रवचनात हसले! लोक घाबरले आधी."

"मग तुम्हीच बनवा. रानात हवा तेवढा पाला आहे."

आडामने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बनवून बघितलं. तोच पाला, तीच मुळं. नुसतं कडू लागतं, काम करत नाही. आता आमचा आशीर्वादावर विश्वास नाही, ते वेगळं. पण पाला तुमचाच लागेल. आशीर्वाद घेतलेला. आणि काहिलीत तूच टाकायचास, चष्म्याशिवाय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुझ्या बिशपला काय पाजायचं ते तू बघ. कृती मी देत नसतो."

ओटमारने वाल्बुर्गाकडे बघितलं. ती स्टुलावर बसून शांतपणे बटाटे सोलत होती.

"बायकांचं मंडळ पाला देणार नाही," ती म्हणाली. "आमचा तो बकऱ्यांचा चारा आहे. ज्याला हवाय त्याने आपला आपण तोडावा, आपण बांधावा, रांगेत उभं राहून आशीर्वाद घ्यावा."

त्या ऑगस्टात मारिया मातेच्या सणाला खालच्या लिंडाखच्या चर्चमध्ये बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात जुडी. रांगेच्या मधोमध दाढीवाला एकच बाप्या उभा होता, आणि त्याच्या कवेत सगळ्यांत मोठा भारा. पिवळी फुलं त्याच्या नाकात जात होती, आणि समोरून फादर लोरेंझ पवित्र पाण्याचं भांडं घेऊन, ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल जवळ येत होते. मागून वाल्बुर्गाने नवऱ्याच्या भाऱ्याची सैल सुतळी आवळली.

"घट्ट धर," ती कुजबुजली, "चारा सांडतोय."

ओटमारने निमूटपणे भारा छातीशी धरला आणि मान खाली घातली.