दोरावरून आलेला डबा

ज्यांना आपल्या छंदातून पैसा मिळवता येत नाही त्यांनी एकदा मला येऊन भेटावं. कडे चढण्याच्या छंदातून कमाई करायचे सगळे मार्ग मला तोंडपाठ आहेत, कारण ते सगळे मी स्वतः करून पाहिलेत. आता त्यातून पैसा मिळाला का, हा प्रश्न आमचे बाबा रोज जेवताना विचारतातच. तेव्हा निदान तुम्ही तरी विचारू नका.

पहिला मार्ग म्हणजे पाहुण्यांना दोरावरून कडा उतरायला शिकवणं. चौक गावाजवळच्या एका फार्महाउसवाल्याने मला त्यासाठी बोलावलं. पहिलेच गृहस्थ अर्ध्या कड्यावर पोचले, त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सासुरवाडीला व्हिडिओ कॉल लावला. त्यांचे मेहुणे बरेच होते. मागची रांग उन्हाला कंटाळून मिसळ खायला गेली ती परत आलीच नाही. दुसरा मार्ग इमारतींवरची मधमाश्यांची पोळी काढण्याचा. त्यानंतर आठवडाभर आई मला फक्त आवाजावरून ओळखत होती. तिसऱ्या खेपेला एका लग्नाच्या फोटोग्राफरचा कड्यात अडकलेला ड्रोन मी जिवावर उदार होऊन काढून आणला. त्याने खूश होऊन नवरानवरीच्या मधे उभा करून माझा एक फोटो काढून दिला.

चौथा मार्ग शेलू गावातल्या एका सोसायटीच्या भिंतीचा. तो ठरला तेव्हा बाबांनी निर्वाणीचं सांगितलं. कडाव गावात आमचं गुरांच्या पेंडीचं दुकान आहे, गिऱ्हाइकाला तोटा नाही, गल्ल्यावर बसायला माणूस नाही. "शेलूचं काम जमलं तर जन्मभर लटकत राहा, मी बोलणार नाय," बाबा म्हणाले, "नाय जमलं तर सोमवारपासून गल्ल्यावर." मी तोंडभरून हो म्हणालो. अहो, भिंत ती! ज्याने सह्याद्रीचे कडे चढलेत त्याला एका सोसायटीच्या भिंतीचं काय भय?

भिंत मात्र साधी नव्हती. शेलूच्या त्या नव्या सोसायटीत, ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर हवाबी चाची राहतात आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, मोतीबाई. दोघी एकाच महिन्यात राहायला आल्या. बाजार एकत्र, मासळी एकत्र, संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसणं एकत्र. मग हवाबींच्या स्वयंपाकघराची भिंत ओली व्हायला लागली. हवाबी म्हणाल्या, पाणी मोतीबाईच्या घरातून येतंय. मोतीबाई म्हणाल्या, बाहेरच्या भिंतीला भेगा पडल्यात. तेवढ्यावरून बोलणं बंद झालं ते इतकं की एकीची पावलं जिन्यात वाजली तर दुसरी दार लावून आत थांबायची.

सोसायटीचे अध्यक्ष साईनाथराव या प्रकाराने वाळून गेले होते. परांची बांधून भिंत तपासायची तर खालच्या गाड्या हलवाव्या लागणार, आणि गाडीवाले या दोघींपेक्षा भांडखोर. त्यामुळे त्यांना माझ्यासारखा दोरावरचा माणूस हवा होता. पाणी कुठून येतंय ते बाहेरून शोधायचं, भेग असेल तर भरायची. काम नीट झालं तर बाकीच्या विंगांची कामंही मलाच मिळणार होती. आणि काम नीट झालंय की नाही हे बघायला संध्याकाळी बाबा स्वतः येणार होते.

शनिवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीच्या खांबांना दोर बांधले. गाठींवर लक्ष ठेवायला गजाला बसवलं. गजा माझा कड्यावरचा जोडीदार. माणूस विश्वासाचा, फक्त जेवला की झोपतो. कंबरेला हातोडी, छिन्नी आणि पुट्टी लावून मी सरसर खाली आलो आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी थांबलो.

हवाबी चाची आतून वाटच बघत होत्या. त्यांनी ग्रिलचं छोटं दार उघडलं आणि एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत नारळाच्या दुधातली, तांदळाच्या रव्याची गरम सांदणं.

"खा पोरा. पण बघ हां नीट," त्या म्हणाल्या. "पाणी वरनंच येतंय."

याला लाच म्हणतात हे मला कळत होतं. पण सांदणांचा वास आला की माझी तत्त्वं जरा बाजूला होतात. लगेच खावीत तर चाची समोर उभ्या, आणि न्यायाधीशाने फिर्यादीच्या समोर खाणं बरं दिसत नाही. म्हणून डबा कंबरेला बांधून मी दोरावर वर सरकलो. तो सारखा भिंतीवर आपटून वाजायला लागला, तेव्हा मोतीबाईंच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवून दिला. तिथे कुंड्या इतक्या की डब्याला जागा मिळेना. सगळ्या नुकतंच पाणी घातलेल्या. डब्याचं बूड भिजलं ते मी पुसून घेतलं, आणि एवढं पाणी झिरपतंय कुठून याचा शोध घ्यायला हातोडीने भिंत ठोकू लागलो.

तेवढ्यात खिडकी उघडली. मोतीबाईंनी डबा उचलला आणि झाकण निरखलं. झाकणावर ठसठशीत कोरलेलं होतं: हवाबी शकूर.

"तिनं धाडला?" मोतीबाईंनी विचारलं.

नाही मावशी, तो माझा आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग हवाबी तुला का खायला घालते, हा प्रश्न आला असता. शिवाय मोतीबाईंनी झाकण उघडलं होतं आणि त्यांचे डोळे भरून आले होते. दर ईदला ती माझ्यासाठी वेगळी सांदणं करायची रं, असं त्या डब्याकडे बघतच म्हणाल्या. मी मान हलवली. दोरावर लटकलं की मान आपोआप हलते. तिचा अर्थ त्यांनी लावला.

पुढचं सगळं ओघाने आलं. डबा शेजारणीचा, तो रिकामा परत कसा करायचा? मोतीबाईंनी तो धुऊन त्यात आंब्याचं लोणचं भरलं. नुसतं लोणचं बरं दिसेना, म्हणून स्वतःच्या पातेल्यात वालाचं बिरडं दिलं. स्वतः खाली जायला अभिमान आडवा येत होता, आणि मी तर समोर लटकतच होतो. हवाबींना आपलाच डबा लोणच्याने भरून आलेला दिसला, शेजारी बिरडं. त्या लोणच्याची फोड चाखून म्हणाल्या, "वाकली म्हणायची." मग मोतीबाईचं पातेलं रिकामं कसं धाडायचं, म्हणून त्यात खीर आली. खिरीबरोबर घावन हवेत, म्हणून ते हवाबींच्या ताटात. ताट वर गेलं की खाली येताना त्यावर सांडगे. सांडग्यांसोबत ताक, ते मोतीबाईंच्या बरणीत. तीच भांडी पुन्हा पुन्हा फिरायची, दरवेळी एकीचं एखादं दुसरीकडे उरायचंच, आणि ते न्यायला-आणायला मी!

एकदोनदा वाटलं की खरं सांगून टाकावं. पण खिडकीशी गेलो की हवाबी विचारायच्या, काय म्हणाली? वर गेलो की मोतीबाई विचारायच्या, खाल्लं का तिनं? दोघी इतक्या आतुर असायच्या की माझी जीभच रेटेना. आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. एका चुकून ठेवलेल्या डब्याने दोन बायकांचं भांडण मिटतंय आणि हे फक्त मला ठाऊक आहे, असं वाटून मी दोरावर स्वतःशीच हसत होतो.

त्यात इमारतीची लिफ्ट बंद होती. हे वरखाली चाललेलं सगळ्या खिडक्यांनी पाहिलं. सहाव्या मजल्यावरच्या हर्षलावहिनींनी पहिल्या मजल्यावर द्यायला मिक्सरचं भांडं दिलं. ते वर परत गेलं तेव्हा त्यात ओली चटणी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या रुबिनाताईंनी पाचव्या मजल्यावर थर्मामीटर पाठवला. आता थर्मामीटर रिकामा परत यायला काही हरकत नव्हती, पण त्याच्यासोबत अर्धा किलो भेंडी आली. गच्चीवरून गजाने खाली वास घेतला आणि दर खेपेला जकात मागायला सुरुवात केली. दुपारपर्यंत माझ्या कंबरेला बरण्या आणि पिशव्या लोंबत होत्या. हातोडी कुठल्यातरी खिडकीत राहून गेली होती, आणि तीसुद्धा रिकामी परत येईल याची मला खात्री वाटत नव्हती.

खालून साईनाथराव हे सगळं बघत होते. ते लांब असल्यामुळे त्यांना फक्त माझी धावपळ दिसत होती. त्यांनी कडावला बाबांना फोन करून सांगितलं की पोरगा पाणी प्यायलाही थांबलेला नाही. हे मात्र अगदी खरं होतं. दिवसभर मी सगळ्या इमारतीचं खाणं पोचवलं आणि माझ्या तोंडात कणही गेला नव्हता. भेग मी एकही भरली नव्हती. शोधलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी बाबा स्कूटरवरून आले. साईनाथरावांनी मंडळींना खाली जमवलं, बाकीचे खिडक्यांत उभे राहिले. मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या बरोबर मधे होतो, एका हातात ताकाची बरणी घेऊन.

"हं, सांग योगेंद्र," साईनाथराव खालून म्हणाले. "पाणी कुणाचं?"

मी घसा साफ केला. भिंतीचा एकंदर अभ्यास करता, अशी सुरुवात केली. पुढचं वाक्य कुठून आणायचं या विचारात होतो तेवढ्यात वरून मोतीबाई बोलल्या.

"त्याला कशाला इचारता? माझंच असंल पाणी. जिनं आधी हात पुढं केला, तिच्याशी आता कसलं भांडायचं?"

"मी कुटं आधी केला?" खालच्या खिडकीतून हवाबी म्हणाल्या. "आधी तुझं बिरडं आलं."

"बिरडं सांदणांच्या मागनं आलं गं."

"सांदणं? ती तर मी या पोराला खायला दिलेली."

सगळ्या खिडक्यांतल्या माना माझ्याकडे वळल्या. वर मोतीबाई, खाली हवाबी, मधे मी. गच्चीवर गजाला हाक मारून वर ओढ म्हणावं, तर तो सहा मजल्यांची जकात खाऊन घोरत होता. बाबा डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत होते. मग मी खरं ते सांगितलं. ठेवायला जागा नव्हती म्हणून डबा तिथे ठेवला होता, एवढंच.

"म्हंजे तू नाय धाडलीस," मोतीबाई म्हणाल्या.

"म्हंजे तू आपणहून नाय वाकलीस," हवाबी म्हणाल्या.

दोघींचे चेहरे पुन्हा भांडणाच्या दिवसांसारखे झाले. मला मनापासून वाईट वाटलं. काम जाणार याचं तर वाटलंच, पण त्याहून जास्त त्या सांदणांवर भरून आलेल्या डोळ्यांचं वाटलं.

"माझं पातेलं दे परत," मोतीबाई म्हणाल्या.

"देते की. पण त्यात आता वड्यांचं पीठ भिजवलंय. वडे तळल्याबिगर रिकामं कसं देऊ?" हवाबी म्हणाल्या. "माझं ताट दे तू."

"ताटात तुझ्यासाठी पापड वाळत घातलेत."

दोघी थांबल्या. भांडण पुन्हा सुरू करायचं तर भांडी परत करायला हवीत, आणि भांडी रिकामी परत करता येत नाहीत. मी बरणी धरून बघत राहिलो. शेवटी मोतीबाईंनी सुस्कारा टाकला. "थांब, मीच येते खाली," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि कित्येक महिन्यांनी हवाबींची बेल वाजली.

स्वयंपाकघरात जाऊन मोतीबाईंनी ती ओली भिंत पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या पलीकडे.

"अगं बाई, ह्यो तर माझ्या कुंड्यांचा पाट हाय."

त्याच वेळी माझ्या हेल्मेटवर टपकन थेंब पडला. तसे थेंब सकाळपासून पडत होते. मला ते ताक वाटत होतं.

कुंड्या आत घ्यायला फार वेळ लागला नाही. दोन्ही घरचे लागले, साईनाथरावही लागले. भेग कुठे नव्हतीच, त्यामुळे भरायचं काही नव्हतं, आणि बाकीच्या विंगांचा विषय निघालाच नाही. बाबांनी मला फक्त एक शब्द ऐकवला, "सोमवार." मी दोर गोळा करून स्कूटरवर मागे बसलो. निघताना हवाबी धावत आल्या आणि पोरगा दिवसभर उपाशी हाय म्हणून माझ्या मांडीवर तोच डबा ठेवला. ताजी सांदणं! घरी गेल्यावर ती बाबांनीच जास्त खाल्ली.

सोमवारी मी मान खाली घालून गल्ल्यावर बसलो. पहिल्या गिऱ्हाइकाची पेंड तोलतोय तोवर घरातून आई आली. हातात तो डबा, घासून लख्ख केलेला, आत खरवस. खरवस आजच खाल्ला पाहिजे, तेव्हा आत्ताच्या आत्ता हवाबींना देऊन ये, म्हणाली. बाबांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तराजू माझ्या हातून काढून घेतला. सांदणं त्यांच्याच पोटात होती.

तेवढ्यात साईनाथरावांचा फोन आला. लिफ्ट अजून बंद आहे, येताना दोर घेऊन ये, म्हणाले. शिवाय बी विंगमध्ये दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

"भिंत ओली आहे का?" मी विचारलं.

"भिंत ठणठणीत कोरडी आहे. डबा आम्ही देऊ, तू फक्त चुकीच्या खिडकीत ठेव."

पैशाचं विचार, असं बाबा हाताने खुणावत होते. मी विचारलं. साईनाथराव जरा दुखावले.

"अरे, तुला रिकामा पाठवू का आम्ही?"

तेव्हापासून आमच्या घरी भाजी विकत आणलेली नाही. बाबा अजूनही रोज जेवताना तोच प्रश्न विचारतात. फक्त हल्ली त्यांच्या तोंडात घास असतो, त्यामुळे तो मला नीट ऐकू येत नाही.