आत काय घातलंय ते विचारू नका

गोधडीच्या कापसाला जोड देणं म्हणजे काही विमान उडवणं नव्हे! दर गुरुवारी चर्चच्या तळघरात गोधडी ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीभोवती शिवायला बसणाऱ्या सगळ्या बायकांना मी हे ठणकावून सांगितलं होतं, आणि आजही माझं मत तेच आहे.

जिल्ह्याच्या जत्रेतल्या गोधड्यांच्या स्पर्धेसाठी मी पांढऱ्यावर निळ्या चांदण्यांची गोधडी करत होते. वरचा थर झाला होता, आतला कापसाचा थर तेवढा बाकी होता. जुन्या कामांतून उरलेले कापसाचे तुकडे पोतंभर पडले होते, तेच जोडायचं मी ठरवलं. त्यावर माझी नणंद ऑर्फा चष्म्यावरून बघत म्हणाली, "कडा नुसत्या भिडव, व्हर्ना. एकावर एक चढवू नकोस. आणि चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेव, टाके पडतील तसा कापूस आत ओढला जातो."

तिने सांगितलं नसतं, तर मी कदाचित तसंच केलं असतं.

खिडकीजवळची, चांगल्या उजेडाची जागा सासूबाईंनी पोटच्या मुलीला न देता मला दिली, तेव्हापासून ऑर्फाचा त्या जागेवर डोळा आहे. मीही पेटले. "या गोधडीला बक्षिसाची फीत मिळाली नाही, तर माझी जागा तुझी," असं सगळ्यांदेखत बोलून बसले.

घरी येऊन तुकडे चांगले चार बोटं एकमेकांवर चढवून शिवले. मजबुती नको का? मग वरचा थर अंथरून कापूस त्याच्या बरोब्बर मापाने कापला. वीतभर जास्त ठेवून तो पुन्हा कापून टाकायचा, ही उधळपट्टी ऑर्फाच्या घरात चालत असेल.

चौकटीवर टाके घालायला लागले, तर मधोमध एक उंचवटा, शेताच्या बांधासारखा. बायका त्यावरून हात फिरवून एकमेकींकडे बघू लागल्या. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलाय, नवराबायकोची हद्द कळावी म्हणून. दोघीतिघींना पटलंसुद्धा.

पण कामाच्या शेवटी कडा चाचपून पाहिल्या. कापूस खरोखरच आत सरकला होता. चारी कडा रिकाम्या पिशवीसारख्या लोंबत होत्या, आणि पोत्यात एक तुकडा शिल्लक नव्हता. नवा आणायला गेले असते तर दुकानात ऑर्फाची सून बसते. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर!

तेव्हा घरात जे होतं ते घेतलं. लोकरीचं होतं, जाड होतं, उबदार होतं. पट्ट्या कापल्या, कडांतून आत सरकवल्या आणि गोठ शिवून टाकला. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

फक्त टाक्यांसाठी आखलेल्या पेन्सिलीच्या खुणा घालवायला गोधडी धुवावी लागते, हे मी विसरले होते. दोरीवर वाळत घातली, तर चारी बाजूंनी गुलाबी झालेली. ऑर्फा कुंपणापाशी येऊन बघत उभी राहिली.

"गुलाबी काठ आधी नव्हता," ती म्हणाली.

"आता आहे," मी म्हणाले.

जत्रेत परीक्षकबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. बांधाशी थांबल्या. मग कोपऱ्याशी थांबल्या आणि दोन बोटांनी काहीतरी दाबून पाहिलं. "इथे काहीतरी टणक लागतंय," त्या म्हणाल्या. "शकुनाचं बटण," मी म्हणाले, "आमच्याकडे रीत आहे." शेजारी माझा नवरा ड्वेन अभिमानाने मान हलवत होता. बिचाऱ्याला ही रीत तेव्हाच कळली.

फीत ऑर्फाला मिळाली. शब्द म्हणजे शब्द, मी खिडकीजवळची जागा सोडली. गुरुवारी ऑर्फा ऐटीत तिथे गेली आणि उभीच राहिली. जागा मी दिली होती, खुर्ची नाही. खुर्ची माझी होती, ती मी घरी आणली होती.

खरं सांगते, त्या उजेडाची आठवण येते. पण चुकले असं मी अजून कोणाला म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.

परवा पहिलं हिव पडलं. हरणांच्या शिकारीचे दिवस आले. ड्वेनने सगळी कपाटं उपसली आणि "माझी लाल लोकरीची अंगबंडी नि विजार कुठंय?" म्हणून विचारलं.

"गोधडीत," मी म्हणाले.

त्याने पलंगावरची गोधडी उचलून खाली पाहिलं. "इथे खाली तर काही नाही."

"खाली कशाला बघतोस," मी म्हणाले. "आत."