शुक्रवार, सात ते आठ

मनुष्याची समाजातली पायरी तो कोणत्या वारी आणि किती वाजता घाम गाळतो यावरून ठरते. हेलसिंकीच्या कल्लिओ भागातल्या त्या सहामजली इमारतीत हे तत्त्व तळघरातल्या साउनाच्या, म्हणजे सामाईक वाफेच्या खोलीच्या, दारावर काचेखाली छापील तक्त्याच्या रूपाने लावलेलं होतं. आठवड्याचे तास एकेका घराला वाटून दिलेले. त्यांत शुक्रवार सात ते आठ हा सर्वोच्च. ज्यांच्या वाट्याला सोमवारी दुपारी तीन आला होता, त्यांच्याशी जिन्यात बोलायची पद्धत नव्हती (इतरांशीही नव्हती, पण यांच्याशी मुद्दाम नव्हती). शुक्रवारच्या तासासाठी प्रतीक्षायादीत तेवीस नावं होती. त्यांतले चौघे वारले होते, पण त्यांनी यादीतली जागा काही सोडली नव्हती.

हा तास वेइक्काकडे आला तो अपघाताने. त्याच्या आईची मावशी वसंतात वृद्धाश्रमात गेली आणि तिने वर्षअखेरपर्यंत आपलं घर त्याला वापरायला दिलं. घराबरोबर एक खुर्च्या नसलेलं टेबल आलं, तीन सुकलेली रोपं आली आणि तिने एक्केचाळीस वर्षं सांभाळलेला शुक्रवार आला. सोबत सायमी आणि आपो हे गावाकडचे दोस्त आले. तिघांनाही राजधानीत नोकरी हवी होती. सहा महिन्यांत तिघांनी मिळून दोनशे अकरा अर्ज केले. अठरा उत्तरं आली. त्यांतल्या सतरांनी आभार मानले होते, आणि एकाने आपण रजेवर असल्याचं कळवलं होतं.

वेइक्काच्या आईचा दर रविवारी गावाकडून, सुओमुस्सल्मीहून, फोन येई.

"काही ठरलं का रे? नाही, घाई नाही हं. मामाने तुझ्यासाठी बूट घेऊन ठेवलेत, एवढंच सांगायचं होतं."

मामाची खडीची खाण होती. नोव्हेंबर संपेपर्यंत नोकरी लागली नाही तर वेइक्काने त्या बुटांत पाय घालायचे, असं ठरलेलं होतं. खडीबद्दल त्याचं वाईट मत नव्हतं. फक्त रात्री डोळे मिटले की ती दिसे.

चौथ्या मजल्यावर हापाकोस्कीबाई राहत. दुकानांना मोठाले फ्रीज पुरवणाऱ्या एका कंपनीत माणसं नेमण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचा तास मंगळवारी चारचा, म्हणजे नेमका त्या माणसं नाकारत असत तेव्हाचा. प्रतीक्षायादीत त्या एकोणीस वर्षं पहिल्या होत्या. सभ्य माणसाप्रमाणे त्याही दाराच्या भोकातून बघून, जिना रिकामा झाल्यावरच बाहेर पडत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र वेइक्का जिन्यात असतानाच त्या बाहेर आल्या. त्याला वाटलं, आग लागली.

"शुक्रवारचा तास तुमचा ना?"

"हो. म्हणजे, मावसआजीचा."

दोघं एक मजला उतरले.

"आमच्याकडे एक जागा आहे," बाई म्हणाल्या. "देखभाल विभागात. कायमची."

"एकच?"

"तासही एकच आहे. तुम्हा तिघांपैकी कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. महिनाअखेरपर्यंत."

याला लाच म्हणता येणार नाही. लाचेला पैसा लागतो. इथे देवाणघेवाण फक्त वाफेची होती.

तिघांनी निवड समिती नेमली. उमेदवार तेच, सदस्य तेच. बैठका अर्थातच शुक्रवारी सात ते आठ, साउनातच, टॉवेल गुंडाळून भरत. शिक्षण हा निकष पहिल्याच बैठकीत दोन विरुद्ध एक मतांनी वगळण्यात आला (तो ठेवला असता तर स्पर्धाच उरली नसती). मग वक्तशीरपणा, संघभावना, नव्वद अंशांत शांत राहण्याची क्षमता आणि "सर्वसाधारण तेज" हे निकष पक्के झाले. इतिवृत्त आपो लिहीत असे. ते पाच मिनिटांत भिजे, त्यामुळे त्यावर कधी वाद झाला नाही.

"सायमी, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?" आपोने वरच्या फळीवरून विचारलं.

"जिथे तुझा घाम माझ्या डोक्यावर ठिबकत नाही तिथे."

"उत्तर टाळलं. दोन गुण."

"अरे गाढवांनो, त्या नोकरीत काम काय आहे, ते तरी विचारलंत का कुणी?"

"तो मुद्दा विषयपत्रिकेवर नाही," वेइक्का म्हणाला, आणि दगडांवर आणखी एक डाव पाणी ओतलं.

तिसऱ्या शुक्रवारी मतदान झालं. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकेक मत पडलं, स्वतःचं. दुसऱ्या फेरीत स्वतःला मत द्यायला बंदी घातली. तेव्हाही प्रत्येकाला एकेकच पडलं. अखेर समितीने एकमताने ठरवलं, की उमेदवारांपैकी कोणीही अपेक्षित दर्जाचं नाही, सबब जाहिरात पुन्हा द्यावी. तिघांनी एकमेकांचे हात हातात घेऊन खेद व्यक्त केला. त्यांना इतकं मोठं झाल्यासारखं त्या शहरात कधी वाटलं नव्हतं.

रविवारी फोन आला.

"बूट एक नंबर मोठेच घेतलेत हं. जाड मोजे घालशील म्हणून."

सोमवारी सकाळी दोघं झोपलेले असताना वेइक्का उठला. मावसआजीने सही करून ठेवलेला तासाच्या हस्तांतराचा कागद त्याने कपाटातून काढला, त्याखाली उमेदवार म्हणून ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि चौथ्या मजल्यावर जाऊन दाराच्या फटीतून आत सरकवला. एक डिसेंबरला तो कामावर रुजू झाला.

आपोने त्याच्याशी नऊ दिवस अबोला धरला (आधीही तो फारसं बोलत नसे, त्यामुळे मोजणी अंदाजाने केली आहे). सायमीने त्याच आठवड्यात उत्तरेकडची गाडी पकडली. पिशवी खांद्याला लावून ती दारात क्षणभर थांबली.

"मजेत राहा, वेइक्का. एखादा फ्रीज गरम झाला तर फोन कर."

वाचकाला इथे थोडं वाईट वाटलं असेल. पण एकंदरीत हायसंच वाटलं असेल. पोराची खाणीतून सुटका झाली, आईचा जीव भांड्यात पडला. त्यात गैर काही नाही. केवळ नोंदीसाठी सांगायचं, तर सायमी औलूच्या तंत्रशाळेत तीन वर्षं शीतयंत्रांची देखभाल हाच विषय शिकली होती आणि वर्गात पहिली आली होती. वेइक्का मत्स्यपालन शिकला होता. सायमीच्या आईचाही दर रविवारी फोन येत असे. इथे तो कुणी ऐकवला नाही आणि वाचकानेही विचारला नाही. ज्याचं घरचं दुःख आधी कानावर आलं, त्याला वाचकाने मनातल्या मनात केव्हाच नेमून टाकलं होतं, शिक्षण न विचारता.

हापाकोस्कीबाईंना निदान बदल्यात एक तास तरी हवा होता.