साळुंखे सोडून सगळे

अर्जदार : मी, शांताराम घोडके, तहसील कचेरीबाहेरचा अर्जलेखक, शिक्षण नववी, अनुभव अफाट. विरुद्ध : प्रमोद साळुंखे, आमच्या समोरचा, वेबसाइट बनवणारा, मूळ साताऱ्याकडचा. ठिकाण : कामोठे. दिनांक : गेला रविवार. साक्षीदार : सौ. घोडके, ज्यांनी माझ्याविरुद्धच साक्ष दिली.

सदर इसम संगणकाच्या भाषेतच संसार करतो. जिन्यातला एक दिवा गेला, की वॉचमनला सांगणार, "याचे सिब्लिंग्ज पण बघ." स्वतःच्या कुंडीला पाणी घातले, की "आता हिचे सिब्लिंग्ज" म्हणत अख्ख्या मजल्याच्या कुंड्या भिजवणार. जेक्वेरी नावाची त्याच्या धंद्यातली एक अवजारपेटी आहे. तीत 'सिब्लिंग्ज', म्हणजे भावंडे, अशी आज्ञा आहे, की वेबसाइटच्या पानावरची एक वस्तू धरावी आणि त्याच चौकटीतल्या बाकीच्या सर्व हाती याव्यात. धरलेली तेवढी वगळून.

याच आज्ञेने त्याने आमच्या सोसायटीचे पान फुकट बनवून दिले; मजल्यागणिक एक चौकट, तीत लोकांचे फोटो. एका फोटोवर बोट ठेवावे, त्याचे शेजारी उजळतात. मी अर्थातच प्रथम माझ्यावर बोट ठेवले. सगळा मजला उजळला. मी तेवढा अंधारात!

"हा अब्रूचा प्रश्न आहे!" मी गरजलो.

"काका, टेन्शन नका घेऊ," साळुंखे म्हणाला. "ती आज्ञा स्वतःला धरतच नाही."

"अहो, तुमचं तोंड मी रोज बघतेच आहे," सौ. म्हणाल्या. "त्यानं शेजारी दाखवले तर बिघडलं कुठं?"

तरीही मी लेखणी उपसली. तक्रारीस प्रतिवादीचे छायाचित्र जोडावे, म्हणून पानावर त्याचा चेहरा शोधू लागलो. सापडेना.

"तुझा फोटो कुठाय रे?"

"मी भाडेकरू ना, काका. कमिटीनं फक्त मालकांची नावं दिली." तो हसला. "चौकटीबाहेरच्याला सिब्लिंग्ज नसतात. कुणावरही बोट ठेवा, मी काय उजळणार नाही."

एवढे बोलून त्याने तांब्या उचलला आणि आमच्या कुंडीला पाणी घातले.

सबब, मूळ तक्रार बिनशर्त मागे घेऊन कमिटीस नम्र विनंती, की साळुंखे याचा फोटो आमच्या मजल्याच्या चौकटीत, माझ्या लगत घालण्याची त्यास परवानगी द्यावी. मी माझ्यावर बोट ठेवीन, तेव्हा मी अंधारात राहिलो तरी हरकत नाही. तो उजळला पाहिजे. उत्तर लेखी द्यावे. ते समोरच्या दारात जाऊन वाचून दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराने स्वतःकडे घेतली आहे.