चौकातले अण्णा

किशनराव सकाळी दूध आणायला गेले आणि रिकामी किटली घेऊन परत आले. ओट्यावर बसले, किटली मांडीवर ठेवली आणि लेकीकडे बघत म्हणाले, "ईशे, चौकात मी हाय."

"अण्णा, तुमी तर इथं हाव."

"तेच तर म्हणायलोय! इथं बी मी हाय, तिथं बी मी हाय. आणि तिथला मी घरावढा हाय."

ईश्वरीचा दात घासायचा ब्रश तोंडातच राहिला. ती तशीच चौकात पळाली आणि तिने वर बघितलं. बॅनरवर भलेमोठे अण्णा! कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा गॉगल, हात जोडलेले. बाजूला लाल-पिवळ्या अक्षरांत 'गाव म्हणतंय, आता हाच माणूस!' आणि खाली 'भावी सरपंच'. नाव कुठंच नव्हतं. अण्णांनी जन्मात गॉगल घातला नव्हता. हायस्कुलात कारकुनी केली तेव्हासुद्धा फोटोची वेळ आली की ते सतरंज्या उचलायला निघून जात.

घडलं ते असं. टाळेबंदीत ईश्वरी अण्णांच्या फोनवर डिझाइन शिकली. गुरू नाही, क्लास नाही; फुकटचं अ‍ॅप, फुकटचे व्हिडिओ आणि फोनमध्ये सापडलेला एकुलता एक फोटो, अण्णांनी पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. कुणाला प्रेरणा डोंगरदऱ्यांतून मिळते, हिला ती अण्णांच्या मिशांतून मिळाली. त्या मिशांचा केस न् केस कापत ती फोटोमागचा पडदा काढायला शिकली. तिने अण्णांना फेटा बांधला, काश्मिरात उभं केलं, एकदा मुंडावळ्याही लावल्या. पुढे बारशाच्या पत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर मिळू लागले, ताडकळसपर्यंत नाव झालं, घरात कॉम्प्युटर आला. सवय मात्र मोडली नाही. कुठलंही डिझाइन आधी अण्णांवर बसायचं, मग गिऱ्हाइकावर.

आपल्या फोटोचं हे सगळं अण्णांना ठाऊक नव्हतं. 'चित्रं चिकटवणं' हा त्यांच्या लेखी धंदाच नव्हता. या जूनला परभणीत बी.एड.ला नाव घालायचं आणि ते कॉम्प्युटरचं खोकं विकून टाकायचं, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. ईश्वरीला फळ्यासमोर उभं राहायचं नव्हतं, तिला हेच करायचं होतं.

अशात गावातल्या बन्सीधर नावाच्या होतकरू पुढाऱ्याने सरपंचकीचं बॅनर सांगितलं. सरपंचपद कुणासाठी राखीव सुटतं याची सोडत अजून निघायची होती. पण बन्सीधरला दम कुठला! "नाव टाकू नको ताई, नुसता चेहरा टाक. गाव चेहऱ्यानंच वळखतंय मला," असं म्हणून तो नांदेडला सासुरवाडीला निघून गेला. ईश्वरीने रीतीप्रमाणे अण्णा बसवून त्याला नमुना पाठवला.

तिने आता चौकातूनच त्याला फोन लावला.

"दादा, तो नमुना व्हता! तुमचा फोटो टाकायचा राहिला व्हता अजून."

"मंग तो कोण व्हता? माझ्या फोनची काच फुटलीय. पांढरे कपडे दिसले, गॉगल दिसला, मला वाटलं मीच हाय. दिला धाडून छापायला."

"ते आमचे अण्णा हायेत."

मग बारीक आवाजात बन्सीधर म्हणाला, "पाच लावायला सांगितलेत गं."

ईश्वरी घरी आली तर ओट्यावर माणसं मावत नव्हती. सगळ्यांत पुढे शेजारच्या धुरपताबाई. "किशनभाऊ, लय चांगलं केलं बगा. आधी माझ्या नळाचं बगा, थेंब येईना."

"मावशी, मी उभा न्हाई!"

"आधी असंच म्हणावं लागतंय. मागल्या टायमाला आश्रुबा बी असंच म्हणला व्हता."

तेवढ्यात खुद्द आश्रुबा, म्हणजे चालू सरपंच, पेढे घेऊन आले. "किशनराव, आपलं काही वाकडं हाय का? मंग कामून माझ्यावर उठलाव?"

"अवो, देवाशपथ सांगतो, मला काहीच ठाऊक न्हाई!"

"बगा, पक्के राजकारणी झालाव की!" आश्रुबांनी स्वतःच एक पेढा तोंडात टाकला आणि चिंतेत चावत बसले. आत कावेरीबाई, म्हणजे ईश्वरीची आई, मुकाट्याने चहाचं तिसरं आधण ठेवत होत्या.

शेवटी अण्णा विळा घेऊन बॅनरच्या दोऱ्या कापायला निघाले. चौकातल्या पोरांना वाटलं, नेता दर्शन द्यायला आला. त्यांनी अण्णांना विळ्यासकट खांद्यावर घेतलं. तासाभराने अण्णा नखशिखांत गुलालाने माखून घरी आले. ईश्वरी दाराआड उभी होती. खोक्याची शंभरी आजच भरली, असं धरून तिने डोळे मिटून घेतले.

"ईशे," अण्णा म्हणाले, "तो गॉगल कुठं मिळतोय?"

तिने डोळे उघडले. अण्णा आरशात बघत होते.

"पुरी हयात सलाम ठोकण्यात गेली गं. आज पहिल्यांदा लोकांनी मला केला. मी उभा राहायलोय. सोडत होईस्तोवर राहू दे ते खोकं."

बन्सीधर नांदेडहून परतला आणि स्वतःच्याच खर्चाने लागलेल्या बॅनरखालून मान खाली घालून घरी गेला. त्याने बॅनर काढायचा प्रयत्न केला. गावानेच काढू दिलं नाही. अण्णांनी पांढरे कपडे शिवले आणि सोडतीच्या दिवशी गॉगल लावून पूर्ण्याला तहसिलात गेले.

दुपारी परत आले ते गॉगल खिशात घालून. "गाव महिलेला सुटलं," एवढंच बोलले आणि ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने त्यांना लेक दिसली. "आता कशाचं बॅनर न् कशाचं काय. उद्या ते खोकं देऊन टाक. जूनला बी.एड."

ईश्वरीला रडूच फुटलं.

"कोण देतंय खोकं?" कावेरीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं, महिलेला सुटलंय—"

"ऐकलं. धुरपताबाई न् गल्लीतल्या बाया आत्ताच येऊन गेल्या. उभी ऱ्हा म्हणल्या. मी हो म्हणून बसले."

ईश्वरी रडायची थांबली.

"एवढ्या दिवसांत गावाला चहा कुणी पाजला? कुणाच्या नळाला पाणी न्हाई, कुणाचं नाव घरकुलाच्या यादीत न्हाई, सगळं मला पाठ हाय. ईशे, बस त्या खुर्चीवर. माझं बॅनर दुसऱ्याच्या हाताचं चालायचं न्हाई. खोकं हितंच ऱ्हाईल, आणि बी.एड.ला कुणी जायचं न्हाई."

ईश्वरीने कॉम्प्युटर चालू केला.

अण्णा उठून हळूच तिच्या मागे येऊन उभे राहिले. "आणि माझा फोटो?"

"टाकू की," कावेरीबाई म्हणाल्या. "खाली, शुभेच्छुकांत."

"पहिल्या रांगेत?"

"बघू," कावेरीबाई म्हणाल्या. "लय जणांची मागणी हाय."