इंजिन थंड आढळले

खात्याची जीप तापते हे सगळ्यांत आधी साहेबरावांना कळले, आणि तीच त्यांची चूक झाली.

साहेबराव इंदापुरातल्या गुरांच्या एका सरकारी फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर. जीप चौदा वर्षांची, साहेबरावांची नोकरी सव्वीस वर्षांची. वैशाखातल्या एका सकाळी कळंबच्या रस्त्याला काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. साहेबरावांनी गाडी बाभळीखाली घेतली आणि इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मग पाणी पाहिले, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, पंखा फिरवून पाहिला, रेडिएटरच्या जाळीत अडकलेले उसाचे पाचट काढले. पुन्हा गाडी चालू केली. इंजिन भाजायला लागले, तरी रेडिएटरकडे जाणारा पाइप माठासारखा गार.

"थर्मोस्टॅट अडकलाय, मॅडम," ते डॉ. प्रियदर्शनींना म्हणाले. मॅडमना या दवाखान्यात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. "पाणी तापलं की ही झडप उघडती आन् पाणी गार व्हायला रेडिएटरात जातं. हितं झडपच उघडंना. पाणी जागच्या जागी उकळतंय."

"दुरुस्तीला किती वेळ लागेल, काका?"

"दोन बोल्ट. अर्धा तास. पार्ट बारामतीत कुठंबी मिळंल."

निदान व्हायला सव्वा तास लागला. ते मान्य व्हायला किती लागला हे सांगता येत नाही, कारण ते अजून मान्य झालेले नाही.

हेडक्लार्क बापूसाहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"साहेबराव, 'थर्मोस्टॅट अडकला आहे' असं लिहिलंय तुम्ही."

"व्हय. अडकलाय म्हणून."

"ड्रायव्हरनं लक्षण लिहायचं. निदानाचा अधिकार तांत्रिक समितीचा. उद्या एखादी म्हैस येऊन म्हणाली, मला अमुक रोग झालाय, तर मॅडम ऐकून घेतील का?"

"म्हशीला सांगता आलं, तर मी पहिली ऐकेन," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य कामकाजात घेण्यात आले नाही.

साहेबरावांनी नवा अर्ज केला: 'वाहन तापते.' तो संगणकावर चढवताना असे दिसले, की यादीत तापण्याची सोय नाही. अपघात, चोरी, टायर आणि आग एवढेच प्रकार शासनाला मान्य होते. बापूसाहेबांनी बराच विचार करून त्यांतल्या त्यांत जवळचा म्हणून 'आग' निवडला. आठवड्याने वरून पत्र आले: जळालेल्या वाहनाचे चारही बाजूंनी फोटो पाठवावेत. बापूसाहेबांनी वाहन जळालेले नसल्याचे नम्रपणे कळवले. त्यावर खुलासा मागवण्यात आला, की आगीची नोंद होऊन पंधरा दिवस लोटले तरी वाहन अद्याप का जळाले नाही.

दरम्यान, तक्रार असलेले वाहन चालू करू नये, या नियमाने जीप आवारात उभी राहिली. मॅडम स्वतःच्या स्कूटीवर औषधांची पेटी बांधून गावोगाव फिरू लागल्या. साहेबराव रोज सकाळी येऊन जीप पुसत आणि संध्याकाळी तिची धूळ पुन्हा अंगावर घेऊन घरी जात. सव्वीस वर्षांत ते इतके बसून कधी राहिले नव्हते. घरी अक्काबाई म्हणायच्या, "आवो, जेवताना तरी त्या गाडीचा इचार सोडा." ते सोडायचे आणि भाकरी ताटातच राहायची.

अखेर तीन जणांची समिती आली. अध्यक्षांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंड आहे."

"चालू केली की तापंल, साहेब."

"तक्रारीतलं वाहन चालू करता येत नाही."

"मंग तापणार कशी?"

"तेच तर आम्ही म्हणतोय. तापत नाही."

अहवालात लिहिले गेले: 'पाहणीच्या वेळी इंजिन थंड आढळले. चालक मात्र तापलेला आढळला.' त्यानुसार साहेबरावांना बारामतीला तीन दिवसांच्या 'शीतल वाहनचालन' शिबिराला पाठवण्यात आले. सभागृहातला एसी बंद होता. इंजिन नव्हे, मन तापते, असे व्याख्याते पडद्यावर दाखवत होते. "डोळे मिटा आणि आपल्या आतला काटा हळूहळू खाली आणा," ते म्हणाले. साहेबरावांनी एक डोळा उघडून पाहिले. हॉलमध्ये बावीस ड्रायव्हर होते. चहाच्या वेळी कळले, की बाविसांच्याही गाड्या तापत होत्या.

शिबिराचे प्रमाणपत्र मिळाले तशी तक्रार निकाली निघाली, आणि जीप पुन्हा चालण्यास योग्य झाली. सोमवारी अकराच्या सुमाराला कळंबहून दगडाबाईंचा फोन आला. त्यांची म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. अवजारे स्कूटीवर मावणारी नव्हती. मॅडम धावत जीपमध्ये बसल्या.

निम्म्या वाटेवर काटा लाल रेघेवर गेला.

दर पाच मिनिटांनी दगडाबाईंचा फोन येत होता. साहेबरावांनी इंजिनावर ओली पोती टाकली, मॅडमनी कालव्यावरून कॅन भरून आणला. वीस मिनिटांनी साहेबरावांनी पाना काढला, दोन बोल्ट सैल केले, अडकलेला थर्मोस्टॅट उपसून खिशात घातला आणि पाणी भरले. बोटांना फोड आले. जीप कळंबपर्यंत काटा जागचा न हलवता गेली.

"लई येळ केलासा रं," दगडाबाई रडत म्हणाल्या. म्हैस मान टाकायला लागली होती. मॅडमनी खांद्यापर्यंत हात आत घातला, दुमडलेला दुसरा पाय सरळ केला. "आता ओढा, काका! तिच्या कळेबरोबर ओढा!" साहेबराव आणि शेजारचे गेणबा दोरीला लटकले. रेडकू बाहेर आले ते निपचित. मॅडमनी त्याचे नाक साफ केले आणि ते गवताच्या मुठीने खसाखसा चोळले. ते शिंकले. साहेबराव खाली मातीतच बसले आणि कितीतरी दिवसांनी पोटातून हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉगबुकात खरे ते लिहिले: 'रस्त्यात थर्मोस्टॅट काढला. गाडी तापत नाही.'

संध्याकाळपर्यंत नोटीस आली. न तापणाऱ्या वाहनातून भाग काढण्याचे कारण काय? सरकारी मालमत्ता सदऱ्याच्या खिशात का बाळगली? तसेच, इंजिन आता विहित तापमानापेक्षा थंड असल्याने वाहन तात्काळ पूर्ववत करावे.

"म्हंजे बिघडलेला पार्ट परत बसवू?"

"पूर्ववत म्हणजे पूर्ववत," बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडं बघू नका, साहेबराव. मी फक्त टाइप केलंय."

साहेबरावांनी फोड आलेल्या बोटांनी दोन बोल्ट पुन्हा आवळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चांगली चालणारी गाडी स्वतःच्या हाताने बिघडवली. काम झाल्यावर त्यांनी हात तीनदा धुतले.

जीप तापते, मी पाहिले आहे, असे मॅडमनी लेखी दिले. पण त्या त्याच जीपमध्ये बसल्या होत्या, म्हणून हितसंबंधी ठरल्या. समितीने एक संधी दिली: जीप तापताना पाहिलेला एक स्वतंत्र साक्षीदार आणावा, म्हणजे फेरविचार होईल.

साक्षीदारांची ददात नव्हती. त्या सोमवारी रस्त्यात पंधरा-वीस मोटारसायकली थांबल्या होत्या. कळंबच्या ऋषिराजने तर वाफेचा व्हिडिओ काढून, खाली 'सरकार उकळतंय' असे लिहून पाठवला होता. तो माळेगावपासून इंदापूरपर्यंत प्रत्येक फोनवर फिरला. लोक पोट धरून हसले आणि त्यांनी तो पुढे पाठवला.

साहेबराव कागद घेऊन ऋषिराजकडे गेले.

"काका, व्हिडिओ माझाच हाय," ऋषिराज म्हणाला, "पण सही नगं. उद्या आपलंबी काय काम त्यांच्याकडं निघालं तर?"

दगडाबाई अंगठा द्यायला तयार होत्या, पण त्यांनी म्हैस पाहिली होती, जीप तापताना पाहिली नव्हती. बाकीच्यांनी साहेबरावांना चहा पाजला, समितीला मनसोक्त शिव्या घातल्या आणि पेन हातात येताच कुणाला डेपोवर जायचे आठवले, कुणाला शेताला पाणी द्यायचे.

साहेबराव तो कागद घेऊन अजून फिरत आहेत. जीप तापते, हे आता तुम्हालाही पुरते ठाऊक झाले आहे, आणि इथवर हसताना तुम्ही समितीला मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या असतील. साक्षीदाराच्या नावापुढची रेघ कोरी आहे. हे घ्या पेन.

कुठं निघालात?