उघड्या नळाची इंग्रजी मोहीम

वाचणारांनी खातरजमा ठेवावी, यांत पदरचे काही घातले नाही. घडले तैसे साद्यंत लिहिले आहे.

इस्पितळाच्या चौकशी-खिडकीची जागा रिकामी जाहली, आणि सौभाग्यवती सूनबाईसाहेबांनी ती सर करावयाचा मनसुबा केला. परंतु मुलाखत इंग्रजीत. सूनबाईंस व्याकरण तोंडपाठ, बोलावयाची वेळ येताच मात्र जीभ टाळूस चिकटे. मग त्यांनी संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात नाव घातले, आणि सोबत म्हणोन मातुश्री सासूबाईसाहेब खाशा स्वारीने कुमकेस आल्या. यांस व्याकरण ठाऊक नाही, आणि भीडही ठाऊक नाही.

एके दिवशी वर्गाच्या बाईंनी फर्मान सोडिले की, पुस्तके मिटावी, आणि प्रत्येकाने घरची एक गोष्ट इंग्रजीत सांगावी, चुकले तरी थांबो नये. ऐकताच फौज हवालदिल जाहली. सूनबाई बाकाखाली न पडलेले पेन शोधो लागल्या. मग सासूबाईंनी चष्मा सावरला आणि बेधडक चाल केली.

“माय सूनबाई ओपन टॅप. सूनबाई स्लीप. वॉटर गो, गो, गो! डाउन नेबर, बेड वेट!”

वर्गाची हसोन मुरकुंडी वळली. सूनबाई ताडकन उठल्या.

“नो, आई! यू ओपन्ड द टॅप! आय वॉज इन द मार्केट! यू वेअर ऑन द फोन, टॉकिंग अँड टॉकिंग!”

“अँड देन?” बाईंनी हळूच विचारिले.

“देन द नेबर केम विथ हिज वेट पिलो, अँड आय मॉप्ड एव्हरीथिंग, अँड शी सेड, यू मिस्ड द कॉर्नर!”

टाळ्यांचा गजर जाहला, तेव्हा आपण बोललो हे सूनबाईंस उमगले, आणि त्या मटकन बसल्या. सासूबाई बाईंच्या कानाशी लागल्या, “इतके दिवस तोंड उघडेना. म्हटलं, खोटा आळ घेतला की उघडेल.” यांत मसलत किती आणि सारवासारव किती, हे आम्हांस कळले नाही.

पुढे मुलाखतीत साहेबांनी स्वतःविषयी सांगा म्हणताच सूनबाईंनी ऐसी सरबत्ती केली की साहेबांनीच हात जोडिले, आणि खिडकीवर अंमल बसला. मग श्रेय कोणाचे यावर दोघी इंग्रजीत भांडत घरी आल्या. सासूबाईंच्या चिरंजीवांनी दार उघडोन पुसिले, “अगं, झालं तरी काय?”

“मराठीत नाही सांगता यायचं!” दोघी एका सुरात.

सबब खिडकी फत्ते जाहली, तह मात्र जाहला नाही, ऐसे दफ्तरी नमूद करोन लेखणी ठेविली असे.